मरळीसाठी बासचं सामान : सोलापुरात बसून केलेली रॉड, रील आणि आमिषांची खरेदी

डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं, की बांबूची काठी आणि बाटलीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) आता पुरे, नीट रॉड-रील घ्यायचं. प्रत्यक्षात परवानगीची पावती खिशात घालून तलावावर उभा राहायला मार्चचा शेवट उजाडला. सामान निवडण्यात जेवढा वेळ गेला, तेवढाच कागदपत्रांत गेला. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मोहोळ भागात कुणी याच वाटेवर असेल तर त्याची थोडी पायपीट वाचावी म्हणून हे लिहितोय.

माहिती शोधायला बसलं की पहिल्याच पायरीला ठेच लागते. जिकडे बघावं तिकडे एकच मासा : लार्जमाउथ बास. हा मूळचा उत्तर अमेरिकेतला. आपल्या भीमा-सीनेत याचा पत्ता नाही. पण गोड्या पाण्यातल्या कृत्रिम आमिषांचा सगळा धंदा या एका माशाभोवती उभा राहिलाय. जपाननं तो १९२५ मध्ये नेऊन तिथल्या तलावात सोडला, पुढे तो तिथल्या देशी माशांच्या मुळावर उठला आणि तरी तिथल्या कंपन्या त्याच्यासाठी एकाहून एक सुबक आमिषं बनवत राहिल्या. १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात धरलेल्या दहा किलोच्या बासचा विक्रम होता, त्याची बरोबरी झाली ती २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात. म्हणून आपण दुकानात उभे राहतो तेव्हा रॉडवर छापलेले आकडे, आमिषांची वजनं, रीलचे साइज, सगळं बासच्या हिशेबानं असतं.

मला पाहिजे होती मरळ. मग बासचं सामान घेऊन उपयोग काय, हा प्रश्न काही दिवस डोक्यात होता. तो एका वेगळ्याच गोष्टीनं सुटला. मरळीच्याच कुळातला एक आशियाई मासा २००२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या एका तळ्यात सापडला आणि तिकडे एकच हाकाटी झाली. दोन वर्षांत तो पोटोमॅक नदीतही निघाला. आज तिथले लोक तो धरतात ते बासच्याच रॉडनं आणि बासच्याच रबरी बेडकानं. म्हटलं, तिकडे चालतं तर इकडे का नाही?

पुण्यातल्या एका दुकानात फोन केला तर पहिला प्रश्न आला, "बजेट किती सर?" त्यानंतर रीलपासून सुरुवात. आमच्या कारखान्यातल्या एकानं असाच रॉड, रील, दोरा आणि वीस आमिषं असा डबा एकत्र घेतला होता. तो मी जवळून बघितला. रील चकचकीत, पण रॉड ५ ते १५ ग्रॅमची आमिषं फेकायचा आणि डब्यातली अर्धी आमिषं वीस ग्रॅमच्या पुढची. एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. तेव्हा मी क्रम उलटा केला. आधी पाणी कसलं आणि मासा कुठला ते बघायचं, मग आमिष, मग दोरा, मग रॉड आणि रील सगळ्यात शेवटी. दुकानदार उलट्या टोकाकडून येतो, कारण नफा तिकडे आहे. असो.

पाणी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातला एक मध्यम तलाव. काठाला पाणकणीस, आत पाणवनस्पतींचा जाड थर, आणि जुन्या बांधावरच्या वेड्या बाभळी अर्ध्या पाण्यात. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा, त्यामुळे मधूनमधून वर येऊन तोंड उघडते आणि परत खाली जाते. ती असते या गवतातच. अशा जागी पाण्याखाली जाणारं, तीन-तीन गळ लोंबणारं आमिष टाकलं तर पहिल्याच फेकीत बाभळीला दान होतं. म्हणून क्रँकबेट, म्हणजे पुढच्या जिभेमुळे खाली बुडी मारणारा प्लास्टिकचा मासा, यादीतून पहिल्यांदा गेला. दिसायला तोच सगळ्यात देखणा असतो. उजनीच्या मोकळ्या पाण्यात त्याचा उपयोग होईल, इथे नाही.

राहिला पोकळ रबरी बेडूक. याचे दोन्ही गळ पाठीवर, अंगाला चिकटून असतात, त्यामुळे तो गवतावरून सरकत येतो आणि अडकत नाही. माशानं दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. निवडताना बोटांनी दाबून बघा. सहज चेपला नाही तर मासा तोंडात धरतो आणि गळ लागायच्या आतच सोडून देतो. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकंसं टेकवा. घसरलं तर बोथट, रुतलं तर धार आहे. तार जाड हवी, कारण मरळीचा जबडा हाडाचा असतो आणि बारीक तार सरळ होते. मी १२ ते १४ ग्रॅमचे तीन बेडूक घेतले, एक काळा, एक हिरवट, एक पांढऱ्या पोटाचा. प्रत्येकी २४० ते ३१० रुपये. जोडीला रबरी शेपटीचे छोटे मासे आणि ते बसवायचे वाकडे गळ, गळाचं टोक रबरातच लपतं असे. झालं एवढंच. वीस आमिषांची गरज नाही.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र मी जरा जास्तच खोलात गेलो, कारण धागा हा आमच्या रोजच्या जेवणाचा विषय. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सूत तपासायच्या विभागात आहे. सुती धाग्यात नंबर वाढला की धागा बारीक होतो. मासेमारीच्या विणलेल्या दोऱ्यावर पीई (म्हणजे पॉलिएथिलीन) १, पीई २, पीई ३ असे आकडे असतात, तिथे उलट : आकडा वाढला की दोरा जाड. ही जपानी पद्धत आणि तिचा पाया डेनियरवरच आहे. पीई १ म्हणजे २०० डेनियर. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे पीई ३ हा ६०० डेनियर, आणि त्याचा ९ मीटरचा तुकडा भरायला पाहिजे ०.६ ग्रॅम. मग राहवेना. एक स्वस्त दोरा, वर ठळक 'पीई ३, ४० पौंड' लिहिलेला, कारखान्यात नेला, टेबलाच्या कडेला मोजून ९ मीटर कापला आणि सुताच्या काट्यावर ठेवला. आकडा आला १.१ ग्रॅम. वरच्या लेपाचं थोडं वजन धरलं तरी हा पीई ५ च्या वर जातो. म्हणजे ताकद खरी असेलही, पण ती जाडीतून आलेली. जाड दोरा वारा धरतो, कमी लांब जातो आणि रीलवर मावत नाही. आमचा फिटर म्हणाला, "साहेब, सूतवाले लोकं पण असंच करतेत की बे." खरं आहे.

ज्यांच्याकडे सुताचा काटा नाही त्यांनी एवढंच करावं : पाकिटावर पौंडांच्या शेजारी मिलिमीटरमध्ये जाडी दिली आहे का बघावी. पीई १ साधारण ०.१६५ मिमी, पीई ३ साधारण ०.२८५ मिमी. पातळ जाडीवर अवाच्या सवा पौंड लिहिले असतील तर दोनातलं एक खोटं आहे. मी शेवटी आठ पदरी पीई ३, १५० मीटर, ८९० रुपयांना घेतला. विणलेला दोरा ताणत नाही, म्हणून लांबून झटका दिला तरी तो गळापर्यंत पोचतो, आणि गवतात माशानं तोंड खुपसलं तर गवताचे देठ कापत निघतो. तंगूस ताणतो, ते मोकळ्या पाण्यात बरं असतं, गवतात नाही. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात कमी दिसतो असं म्हणतात आणि ते खरंही आहे, पण गवतावरच्या बेडकाला मासा दोरा बघत बसत नाही. पुढे हातभर जाड तंगूसाचा लीडर, म्हणजे दोरा आणि आमिष यांच्यामधला तुकडा, लावला, दात आणि बाभळीच्या घासण्यापुरता.

इथून रॉड आपोआप ठरला. १४ ग्रॅमचा बेडूक आणि पीई ३ दोरा. रॉडच्या बुडाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं : लांबी, ताकद, आमिषाचं वजन, दोऱ्याची ताकद. वजन कधी औंसात असतं. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, त्यामुळे ३/८ ते १ औंस म्हणजे साधारण साडेदहा ते अठ्ठावीस ग्रॅम. आपलं आमिष या पट्ट्याच्या आत नीट बसलं पाहिजे, अगदी काठावर नको. 'मीडियम हेवी' ही ताकद आणि 'फास्ट' हा वाकायचा प्रकार, म्हणजे फक्त शेंड्याकडचा भाग वाकतो, बूड ताठ राहतं. गवतातून मासा ओढून काढायला हे बूड लागतं. लांबी सात फूट. एकसंध रॉड चांगला असं सगळे सांगतात, पण मोटारसायकलवर सात फुटी काठी घेऊन अक्कलकोट रस्त्यावरच्या ट्रकांमधून जाऊन दाखवा. मी दोन तुकड्यांचा घेतला, २,४५० रुपये.

रीलमध्ये दोन पंथ आहेत. बेटकास्टिंगवाले म्हणतात, गवतातल्या बेडकासाठी तेच खरं. त्यात फेकताना चक्री स्वतः फिरते आणि अंगठ्यानं आवरावी लागते, नाही आवरली तर दोऱ्याचं घरटं होतं. स्पिनिंगमध्ये चक्री स्थिर, दोरा तिच्यावरून सुटत जातो. नव्या माणसाला स्पिनिंग. मला यात दुमत वाटत नाही. साइज २५०० की ४००० हा प्रश्नही दोऱ्यानंच सोडवला. चक्रीवर किती मीटर मावतो ते लिहिलेलं असतं, आणि पीई ३ दीडशे मीटर घ्यायला ४००० लागतो. शिमानोचं सुरुवातीच्या किमतीतलं रील २,९०० ला मिळालं. बेअरिंग किती यावर भांडणारे पुष्कळ भेटतील. मी हँडल फिरवून खुळखुळ आहे का आणि ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक, सोडताना झटके देतो का, एवढंच बघितलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर टाकली. रील आणि दोरा चार दिवसांत आले. रॉडचं पार्सल लांब, म्हणून ते वेगळ्या गाडीनं येणार, असं कुरियरवाल्यांनी सांगितलं. मग ते पुण्यात पडून राहिलं, ट्रॅकिंगवर एकच ओळ दिसत राहिली, आणि शेवटी संक्रांतीनंतर मीच गोदामात जाऊन उचललं. तिथेच उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढला. नंतर तक्रार करायची वेळ आली तर त्याशिवाय कुणी ऐकत नाही. रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कडीच्या आतल्या चिनी मातीला बारीक तडा असेल तर कापसाचे तंतू अडकतात. डोळ्याला हा तडा दिसत नाही आणि दोरा मात्र रोज कापला जातो.

विणलेला दोरा गुळगुळीत चक्रीवर जसाच्या तसा गुंडाळला तर सगळा गोळा जागच्या जागी फिरतो. खाली आधी थोडा तंगूस गुंडाळा. ड्रॅग लावायला घरातला लटकवायचा स्प्रिंगकाटा कामाला आला. ४० पौंड म्हणजे अठरा किलो, त्याच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर ड्रॅग सुटावा असा संकेत आहे, म्हणजे साडेचार-पाच किलो. काटा दाराच्या कडीला अडकवून रॉड वाकवून ओढला. पाच किलो म्हणजे किती ओढ असते ते तेव्हा हाताला कळलं. बायकोनं विचारलं, "दार पकडताय काय?"

फेकायचा सराव होम मैदानावर करायचा विचार होता, पण तिथे गड्डा यात्रेचे पाळणे उभे. जुळे सोलापुरातल्या एका मोकळ्या ले-आउटवर सकाळी जायला लागलो. गळ नको म्हणून कारखान्यातला एक नट काट्यावर घालून १४ ग्रॅमचा निवडला आणि तोच बांधला. एक गोष्ट पहिल्यापासून अंगवळणी पाडा : फेकून झाल्यावर रीलवरची, दोरा चक्रीकडे वळवणारी तारेची कमान हातानं बंद करायची आणि दोरा एकदा ताणून मग फिरवायला लागायचं. हँडल फिरवून कमान बंद केली की सैल वेढा राहतो आणि पुढच्या फेकीला त्याचीच गाठ होते.

परवानगीचं आता. आपल्याकडचे बहुतेक तलाव मत्स्य विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. पाण्यातला मासा त्यांचा, त्यांनी त्यात बीज सोडलेलं असतं. गळच आहे, कोण विचारतंय, म्हणून जाऊ नका. फेब्रुवारीत जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. टेबलावरच्या बाईंनी तलावाचं नाव विचारलं, रजिस्टर उघडलं आणि संस्थेचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं : "आधी यांची लेखी ना-हरकत आणा." संस्थेचे सचिव गावात, लग्नसराईत त्यांची गाठ पडेना. भेटले तेव्हा म्हणाले, एकट्याच्या सहीनं होत नाही, महिन्याच्या बैठकीत विषय घ्यावा लागेल. बैठक मार्चमध्ये झाली.

लागलेले कागद : साध्या कागदावर अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि स्वतःच्या जबाबदारीवर पाण्याजवळ जात असल्याचं हमीपत्र. दिवसाला शंभर रुपये, पावती हातात. अटी अशा : एकच रॉड, लावलेल्या जाळ्यांपासून लांब, अर्ध्या किलोच्या आतली मरळ परत पाण्यात, घरी न्यायची असेल ती संस्थेच्या काट्यावर वजन करून त्यांच्या दरानं. पाटबंधाऱ्याच्या भिंतीवर आणि सांडव्याजवळ उभं राहायचं नाही. मला या अटी रास्त वाटल्या. प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या असतील, म्हणून पावतीच्या मागे लिहूनच घ्या, तोंडी ठेवू नका.

एप्रिलमध्ये सकाळी साडेसहाला पोचायचं आणि नऊला निघायचं. नंतर ऊन उभं राहू देत नाही. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी काढणारे एक मामा रोज काठाला यायचे. बेडूक हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा करून बघितला. "मालक, हे रबर खाणार व्हय मरळ?" म्हटलं बघू. दाबला तर त्याच्या पोटातून पाण्याची चिळकांडी उडाली, तर म्हणाले, "मुततंय की हे." ती चिळकांडी महत्त्वाची आहे. पोकळ बेडकात पाणी शिरत राहतं, चार फेकींनंतर तो जड होऊन शेपटीकडून बुडायला लागतो, मग दाबून रिकामा करावा लागतो.

बेडूक गवताच्या पलीकडे टाकायचा, गवतावरून हळूहळू ओढत आणायचा आणि जिथे पाण्याचं मोकळं भगदाड असेल तिथे थांबवायचा. थांबवणंच अवघड जातं. मरळ बहुतेक वेळा तिथेच घेते. आधी शेजारचं गवत किंचित फुगतं, मग फटाक्यासारखा आवाज आणि बेडूक गायब. आणि इथे हात आवरायचा. आवाजाबरोबर झटका दिला की रिकामा बेडूक उडून आपल्याच अंगावर येतो. रॉडचा शेंडा खाली करायचा, दोरा ताणला जाईपर्यंत श्वासभर थांबायचं, मग दोन्ही हातांनी जोरात वर. असं जमलं त्या सकाळी आधी वर आला तो गवताचा घमेलंभर गोळा, आणि त्याच्या आत ती. दोऱ्यानं देठ कापलेले स्पष्ट दिसत होते. काट्यावर सव्वा किलोच्या जवळपास भरली. गळ काढायला लांब चोचीची पक्कड लागते, बोटं घालू नका, दात बारीक पण भरपूर आहेत. मामा म्हणाले, "खाल्लं की रबर," आणि ट्यूब ढकलून निघून गेले.

आपल्याकडच्या उन्हा-पावसात लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. रबरी शेपटीची आमिषं मूळ पाकिटातच ठेवा. कडक प्लास्टिकच्या आमिषांबरोबर एका डब्यात घातली की एकमेकांना चिकटून वितळतात, आणि गाडीच्या डिकीत मे महिन्यात तर दुपारपर्यंत चिकट लगदा होतो. दुसरी गोष्ट जिवाची. रॉड कार्बनचा असतो आणि कार्बनमधून वीज जाते. शेताच्या बांधावरून जाताना वर तारा आहेत का बघा आणि रॉड आडवा धरा. वळवाचं आभाळ आलं, लांब कुठे गडगडलं, की रॉड खाली ठेवून लांब व्हा. मासे पुढच्या रविवारीही असतात.

पावसाळा सुरू झाला की पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका एकत्र वर येताना दिसेल. त्याच्या खाली नर-मादी राखणीला असतात आणि बेडकावर रागानं येतात, त्यामुळे तेव्हा धरणं फार सोपं. तिथे टाकू नका. पालक काढले की घोळका बाकीच्या माशांच्या पोटात जातो. आमच्या संस्थेनं जून ते ऑगस्ट पावत्या देणं बंदच ठेवलं होतं.

हिशेब असा : रॉड २,४५०, रील २,९००, दोरा ८९०, तीन बेडूक ८३०, रबरी मासे आणि गळ ४२०, पक्कड २८०, लीडरचा तंगूस १५०. सगळे मिळून ७,९२० रुपये, वर पावत्या आणि पेट्रोल. हात आखडता घ्यायचा असेल तर रीलमध्ये घ्या, दोऱ्यात आणि गळात नको. आता एक जादा चक्री मागवली आहे, तिच्यावर पीई १ चढवायचा आणि उजनीला भिगवणच्या बाजूला चिलापीसाठी छोटे स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याची आमिषं, टाकून बघायचे. तिथली परवानगी कुणाकडून घ्यायची, याची चौकशी सोमवारी त्याच टेबलावर करणार आहे.